अकोल्याची लाइन मोकळी ठेवणे

२ जानेवारी १९६२, मंगळवार

नवी डायरी. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. ललितानं वाचावी म्हणूनही नाही. ती अकोल्याला माहेरी गेली आहे, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

आजपासून मी ऑफिशिएटिंग मॉनिटर, म्हणजे ऑपरेटरांचा हंगामी मुख्य. वसंतराव मॉनिटर मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर गेले. आमच्या अमरावतीच्या टेलिफोन एक्सचेंजात सीनियर ऑपरेटर दोनच, मी आणि जानराव. जानरावानं हात वर केले. म्हणे, मले हा उपद्व्याप नोको, शेषरावले द्या, त्याले हौस आहे. हौस नव्हे, योग्यता. पण जानरावाशी कोण बोलणार.

खुर्चीवर बसतो न बसतो तर नागपूरचं सर्क्युलर. अमरावती-अकोला दोन लाइनी आहेत, तिसरी टाकायची की नाही हे ठरवायचं आहे. तरी १५ तारखेपासून मॉनिटरनं स्वतः लाइन पाहावी. किती वेळ भरलेली असते, किती वेळ मोकळी असते, कोण अडवून ठेवतो. त्यानंतर नागपूरचे साहेब येऊन तपासणार.

साहेब येणार म्हटल्यावर सगळे घाबरले. मी नाही घाबरलो. दुपारी डबा घशाखाली गेला नाही, पण भाजीत मीठ फार होतं. भाजी मीच केली होती, तो भाग वेगळा.

४ जानेवारी, गुरुवार

रविवारी अकोल्याला जाऊन आलो ते लिहायचं राहिलं. ललिताचे पाय सुजले आहेत. सुंदरामामी, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, पह्यल्या खेपेले सुजतेच. दवाखान्यातल्या नर्सबाईनं महिनाअखेर सांगितली आहे. ललिता म्हणाली, तुमी तोंड असं काहून केलं? मी म्हटलं, कसं? ती म्हणाली, भेल्यासारखं. मी म्हटलं, उन्हातून आलो. जानेवारीत.

मग बुधाजीमामांना, म्हणजे सासऱ्यांना, समोर बसवून सगळी व्यवस्था लावून दिली. मामा बाजारात कापसाच्या गठाणी चढवतात. कंबर कायमची धरलेली, बसवायलाच वेळ लागला. तर व्यवस्था अशी. काही झालं की तार करायची नाही. आपल्याकडे तार म्हणजे कोणीतरी गेलं. खाकीतला तारवाला गल्लीत शिरला की बाया आधी रडतात, कागद मागून वाचतात. पोस्टकार्डही नाही. जावई टेलिफोनात आणि लेकराची खबर पोस्टकार्डानं? लोक तोंडात शेण घालतील. मामी म्हणाल्या, शेजारचा सूर्यभान यष्टीत कंडक्टर आहे, रोज अमरावतीले जाते, त्याच्यासंगं सांगू का? मी साफ नाही म्हटलं. कंडक्टरच्या हाती निरोप पाठवायला मी काय तिकीट हरवलेलं पार्सल आहे?

फक्त फोन. मामांनी पोस्टात जायचं, आमच्या एक्सचेंजला पी.पी. कॉल लावायचा, म्हणजे शेषरावलाच बोलवा असा कॉल. अर्जंटचे दुप्पट पैसे कशाला, ऑर्डिनरी लावा, मी तिथं बसलेलोच आहे. मामा म्हणाले, जवाईबुवा, लाइन नाई भेटली तं?

मला हसू आलं. म्हटलं, मामा, लाइन माझ्या हातात आहे.

८ जानेवारी, सोमवार

झोप कमी. त्याचं कारण साहेब.

शालूची आठवण येते, पण त्याचा इथं काही संबंध नाही. शालू माझी मोठी बहीण. दर्यापूरकडे दिली होती. पहिल्या बाळंतपणात अडली, बैलगाडीत घातलं, दवाखान्याच्या वाटेवरच गेली. लेकरूही. मी शाळेत होतो. निरोप आला तोवर सगळं आटोपलं होतं. मी तर त्या दिवशी विटीदांडू खेळत होतो. ती मेली होती आणि मी विटीदांडू खेळत होतो. म्हणून मी टेलिफोनात आलो असं कोणी समजू नये. जाहिरात आली होती, मी मॅट्रिक होतो, अर्ज केला.

आता कामाचं. आज बोर्डाची व्यवस्था ठरवली. अकोल्याच्या दोन लाइनींपैकी पहिलीवर लोकांचे कॉल चालतील. दुसरी मोकळी ठेवायची. कशासाठी? देखरेखीसाठी. तिच्यावरून मी थोड्या थोड्या वेळानं अकोल्याला विचारत राहीन की लाइनचं कसं काय. देखरेख करायची तर हाताशी एक मोकळी लाइन नको का? अकोल्याच्या लाइनींच्या इथल्या बोर्डाला १५ तारखेपासून आठवडाभर दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. मी स्वतः बसणार.

जानराव म्हणे, अबे, कापसाचा हंगाम, त्यात इलेक्शन, दोन लाइनी पुरत नाहीत अन् तू एक खुंटीले टांगून ठेवतं? मी म्हटलं, हा मॉनिटरचा निर्णय आहे. तो म्हणे, मंग मॉनिटरच भोगो.

जळतो.

१० जानेवारी, बुधवार

अकोल्याच्या एक्सचेंजात दिवसा सिंधूबाई असतात. वकिलाची मुलगी, काम चोख, पण जीभ चालते. प्लग घातला की सुरू: काय शेषराव, थंडी कशी, भाजी जमते की जळते. हे साहेबांच्या कानावर गेलं तर? साहेब म्हणे आधी न सांगता कुठल्याही स्टेशनावरून लाइन ऐकतात. मागच्या वर्षी एका ऑपरेटरला दोन वाक्यांसाठी चांद्याला बदलीवर फेकलं. असं ऐकलं आहे. कोण होता ते कोणाला माहीत नाही, त्यामुळे जास्तच खरं वाटतं.

म्हणून आज सिंधूबाईंना नियम सांगितला. यापुढे लाइनवर फक्त ऑफिशियल बोलायचं. खाजगी शब्द निघाला की मी की वर करीन, म्हणजे आवाज बंद. त्या म्हणाल्या, आणि तुमच्या घरचंच काही असलं तर? मी म्हटलं, तर सर्वात आधी बंद करीन. मॉनिटरला घर नसतं.

बोलल्यावर अंगावर काटा आला. वाक्य चांगलं झालं होतं.

संध्याकाळी तारवाला सायकलवरून समोर थांबला. माझ्या हातातला कप खाली पडला. तो शेजारच्या दलालाकडे गेला. कप आधीच तडकलेला होता.

१५ जानेवारी, सोमवार

देखरेखीचा पहिला दिवस. नवा शर्ट. बोर्डावर बसण्याआधी मनात त्रिसरण म्हटलं, शांत वाटलं, पहिल्या कॉलचा दिवा लागेपर्यंत.

सकाळी सिंधूबाई लाइनवर आल्या त्या तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतच. की वर. पुन्हा लावलं, म्हटलं, ऑफिशियल. त्या म्हणाल्या, बरं, ऑफिशियल कडू बोला.

रिपोर्टपुरतं: दोन्ही लाइनी सकाळपासून भरलेल्या. धक्काच बसला. खरोखर कोणीतरी लाइन खाऊन राहिलं आहे. पहिलीवर दलाल भाव विचारतात ते समजू शकतो. पण दुसरीसुद्धा जेव्हा पाहावं तेव्हा भरलेली! जेव्हा जेव्हा प्लग घालून पाहिलं तेव्हा तिच्यावर कोणीतरी बोलतच होतं.

उठावं लागलं तर प्लग घातलेलाच ठेवून जातो. म्हणजे मागे कोणी लाइन अडवू नये.

१६ जानेवारी, मंगळवार, सकाळ

रात्री स्वप्नात बैलगाडी. अर्थ काही नाही, उशिरा जेवलो.

त्याच दिवशी, दुपारी

अकोल्याकडे ऑर्डिनरी कॉल तुंबले आहेत. सिंधूबाई म्हणाल्या, दुसरी लाइन द्या. मी म्हटलं, ती मोकळी ठेवायची आहे. त्या म्हणाल्या, मोकळी कुठे आहे, तिच्यावर आपणच तर बोलतोय. मी म्हटलं, ती मोकळी आहे की नाही हे पाहण्यासाठी बोलतोय. त्या म्हणाल्या, अगं बाई! पटलं असावं.

मग म्हणाल्या, एक पी.पी. कॉल आहे, पोस्टातून, म्हातारे गृहस्थ सकाळपासून बाकावर बसलेत, कंबर धरून, तो आधी घ्या. मी विचारलं, अर्जंट की ऑर्डिनरी? ऑर्डिनरी. मग रांगेत. म्हातारे तर सगळ्याच रांगेत असतात. त्या म्हणाल्या, शेषराव, ऐका तरी, ते तुमच्या— इथे की वर केली. सुरुवातच तुमच्या अशी होती. तुमच्या म्हणजे खाजगी.

खिडकी उघडून घेतली.

१७ जानेवारी, बुधवार

आज मी एक मोठी गोष्ट केली. लिहून ठेवलीच पाहिजे.

सकाळी सिंधूबाई पुन्हा त्याच म्हाताऱ्याचं घेऊन बसल्या. म्हणे, कालपासून तिसऱ्यांदा आलेत, डोळ्यांत पाणी आहे, निदान नाव तरी ऐका. मी म्हटलं, बाई, नाव मी ऐकणार नाही. नाव ऐकायचं आणि मग ठरवायचं, ह्याला आत घ्यायचं का बाहेर उभं ठेवायचं, हे या देशात हजारो वर्षं चाललं. माझ्या बापाला शाळेच्या पायरीवर नाव विचारलं आणि पायरीवरच बसवलं. माझ्या बोर्डावर नाव विचारलं जाणार नाही. इथे कॉल अर्जंट असतो किंवा ऑर्डिनरी असतो. रांग म्हणजे रांग. माझा बाप जरी रांगेत उभा असला तरी.

त्या म्हणाल्या, बाप नाही हो, सास— की वर.

जानराव सगळं ऐकत होता. तो म्हणे, बोलला तं लय भारी राज्या, पण बाई कायले इतकी घाबरी झाली ते विचार ना. मी म्हटलं, बायकांचा स्वभाव. तो म्हणे, बाईचा नाई, तुहाच चेहरा पाह्य, चुन्यासारखा झाला. अकोल्याले जाऊन ये एक दिवस. बसनं तीन घंट्यात पोचशील. वहिनीले पाहून ये, झोप येईल.

जाता येणार नाही, कारणं अनेक आहेत. साहेब कोणत्याही दिवशी येतील. बोर्ड सोडता येत नाही. आणि नर्सबाईनं महिनाअखेर सांगितलं आहे, अजून अवकाश आहे. आणि काही असतंच तर मामांनी फोन केलाच असता. फोन आला नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे. हे मी आज बऱ्याच वेळा स्वतःला सांगितलं. दर वेळी पटलं.

दुपारनंतर तुंबलेले कॉल पुन्हा पुन्हा मोजले. साहेब आल्यावर एवढे पेंडिंग दिसले तर? अकोल्याला ऑर्डर दिली: ऑर्डिनरी सगळे कॅन्सल करा, लोकांना उद्या या म्हणावं. सिंधूबाईंनी विचारलं, नक्की? तो म्हाताऱ्यांचाही? मी म्हटलं, सर्वांना समान न्याय. त्यांनी ऑर्डर लिहून घेतली. मग म्हणाल्या, मॉनिटरसाहेब, तुम्ही फार पस्तावाल हो. हे ऑफिशियल होतं की खाजगी ते कळेना, म्हणून की अर्धीच वर केली.

१८ जानेवारी, गुरुवार

बोर्ड स्वच्छ. ऑर्डिनरी आजही घेऊ नका म्हणून अकोल्याला सांगितलं आहे, त्यामुळे पेंडिंग नाही. रिपोर्ट सुंदर दिसतो आहे.

मग मला इतकी भीती कशाची— भीती नव्हे. काळजी. जबाबदारीच्या माणसाला असते ती.

आजचा प्रकार लिहितो. दुपारी जानराव जेवायला गेला होता. दाराच्या जाळीतून खाकी बाही दिसली. चपराशाला कोणीतरी विचारत होतं, शेषराव इथंच असतेत का? खाकी. तारवाला. माझ्या नावानं.

मी काय केलं? बोर्डाच्या मागे, जिथं तारांचे जुडगे असतात, तिथं गेलो. तपासणीसाठी. खाली बसलो. कान झाकले. तार हातात घेतली नाही तर ती तार पोचली असं होत नाही, असा नियम आहे की नाही ते मला त्या वेळी आठवेना, पण असावा. चपराशी आत आला तेव्हा हातानंच खूण केली, नाही म्हणून सांग. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजत होता, तो माणूस घाईत होता म्हणे, काहीतरी ओरडून गेला. चपराशाला ऐकू कमी येतं. हे किती बरं आहे.

बराच वेळ मागेच बसलो. शालूचं लेकरू मुलगा होता की मुलगी हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, ते एकदम आठवलं. आईनं विचारलंही नव्हतं.

मामांनी तार केली नसेल. मी बजावलं होतं. पण बजावलेलं असूनही करावी लागली असेल तर? छे. तो दुसऱ्या शेषरावकडे आला असेल. अमरावतीत काय कमी शेषराव आहेत?

मग अकोल्याला लाइन लावली. ऑफिशियल. सिंधूबाईंच्या जागी आज दुसरी मुलगी होती, नवी, घाबरट. मी विचारलं, लाइन ठीक? ती म्हणाली, ठीक. मी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, नाही साहेब, मला सांगितलंय तुमच्याशी खाजगी बोलायचं नाही.

थोड्या वेळानं पुन्हा लावली. मग पुन्हा. ठीक, ठीक, ठीक. कोणीतरी ठीक म्हणतं आहे हे ऐकायला बरं वाटत होतं. पाच वाजेपर्यंत तेवढंच केलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

साहेब आले.

मी उंचपुरे, मिशीवाले धरून चाललो होतो. कमलाकांत साहेब म्हणजे एवढासा माणूस, गळ्यात मफलर, नाक गळतंय, खिशात ओव्याची पुरचुंडी, दर दोन वाक्यांनी हुंगतात. पण त्यानं माझी भीती कमी झाली नाही. असेल तर वाढली. लहान माणसं जास्त बारीक पाहतात.

रिपोर्ट वाचला. म्हणाले, लाइनी तर दिवसभर भरलेल्या आहेत, पण कॉल एवढेसेच झालेत. मग बोलत कोण होतं? मी म्हटलं, तेच साहेब, कोणीतरी लाइन खातंय, माझा दलालांवर संशय आहे. ते म्हणाले, दुसऱ्या लाइनवर एकही कॉल नाही. मी म्हटलं, ती मोकळी ठेवली होती साहेब. ते म्हणाले, पण इथं ती भरलेली लिहिली आहे. मी म्हटलं, हो साहेब, मोकळी आहे का ते पाहत होतो ना, त्यामुळे.

साहेबांनी ओवा हुंगला. मागे जानरावाला खोकला आला. खरा नव्हता.

मग साहेबांनी माझा हेडफोन घेतला, स्वतःच्या कानाला लावला आणि स्वतः अकोल्याला रिंग दिली. म्हणाले, अमरावती बोलतोय, मी नागपूरहून आलो आहे. त्यानंतर नुसते ऐकत होते. पलीकडे सिंधूबाई होत्या, बोर्डापासून दोन हात लांब मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही, नुसता आवाज, भरभर, धरण फुटल्यासारखा.

आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

आधी वाटलं, चांदा. मग तो चेहरा नीट दिसला. तो रागावल्याचा नव्हता. असा चेहरा मी एकदाच पाहिला आहे, दर्यापूरहून निरोप घेऊन आलेल्या माणसाचा. बोर्डाला धरलं.

साहेबांनी विचारलं, शेषराव, ललिता कोण?

इथे मी काय बोललो ते मला आठवत नाही. जानराव सांगतो, मी म्हटलं, साहेब, की वर करा. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होतो. की वर करा, साहेब, ऐकू नका, की वर करा.

साहेब म्हणाले, अहो बसा. मुलगी झाली तुम्हाला. बुधवारी संध्याकाळी. पायाळू होती, पाय आधी आले, दीड दिवस फार हाल झाले बाईंचे, पण आता दोघी बऱ्या आहेत. ऐकलंत का? बऱ्या आहेत.

मी विचारलं, बुधवारी?

ते म्हणाले, हो. तुमचे सासरे मंगळवारपासून पोस्टात येऊन बसतात म्हणे. मंगळवारी तुम्हाला बोलवायला, बुधवारनंतर खबर द्यायला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नवऱ्याला बोलवा, काही सांगता येत नाही. काल शेजाऱ्यालाही पाठवलं होतं, कंडक्टर आहे कोणी, त्याला तुमच्या माणसानं दारातून परतवलं. इथं साहेबांनी नाक पुसलं आणि विचारलं, मंगळवारचा कॉल कॅन्सल कोणी केला?

मी म्हटलं, मी, साहेब. ऑर्डिनरी होता.

साहेबांनी हेडफोन माझ्या डोक्याला लावला, टोपी घालावी तसा. सिंधूबाई म्हणाल्या, बोला आता. त्या म्हणाल्या, रडा हवं तर, पण लवकर, ते आजही इथं बाकावर बसलेत, देते. मग खरखर, आणि मग मामांचा आवाज, फोनमध्ये ओरडावं लागतं अशी त्यांची समजूत आहे: जवाईबुवा! लाइन भेटली बाप्पा!

मी म्हटलं, मामा. ते म्हणाले, पोरगी झाली. तुमच्यावानी नाक हाये. ललिता लय आठवण काढे तुमची. म्या सांगो तिले, लाइन नाई भेटून राहिली, लाइन जवायाच्या हातात हाये, भेटीन. मी मान हलवत राहिलो. ते म्हणाले, हालो? हालो? शेषराव? गेली वाटते लाइन. मी म्हटलं, नाही मामा, आहे. आहे. मी आहे.

सिंधूबाई मधे आल्या: तीन मिनिटं झाली, वाढवू? मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, वाढवा.

२१ जानेवारी, रविवार, अकोला

कालच्या पहिल्या बसनं आलो. सूर्यभानची गाडी. चपराशाकडून त्याला कळलं होतं, त्यानं सगळ्या बसला सांगितलं की हेच ते, बोर्डामागे लपलेले. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत हसले. मी खिडकीबाहेर पाहत होतो. हसू दे.

साहेबांचा निकाल निघतानाच कळला. तिसऱ्या लाइनची गरज नाही. दुसरी लाइन वापरावी. मॉनिटरचं काम वसंतराव येईपर्यंत जानरावानं पाहावं. जानराव म्हणे, पाह्य राज्या, शेवटी आलंच माह्या गळ्यात.

मामा पायरीवर पालथे पडले होते आणि सुंदरामामी पोरीचा एवढासा पाय त्यांच्या कंबरेला लावत होत्या. पायाळू लेकराचा पाय लागला की उसण जाते म्हणतात. मी म्हटलं, मामा, दीक्षा घेतली तेव्हा आपण हे सगळं सोडलं ना? ते म्हणाले, सारं सोडलं जवाईबुवा, पण कंबर तं नाई सोडून राहिली.

ललिता भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा, ओठ फाटलेले. येताना बसमध्ये मी पुष्कळ जुळवलं होतं: सर्क्युलर, साहेब, नियम, रांग, समान न्याय. तिनं काही विचारलंच नाही. नुसतं म्हणाली, मले वाटलं, आता तुमी दिसत नाही. लय भेव लागलं होतं.

मी म्हटलं, मलेही. पह्यल्या दिवसापासून. दोन तारखेपासून.

ती म्हणाली, ठाऊक आहे.

झालं. एवढंच. तीन आठवडे मी जे लपवून लपवून लिहीत होतो, ते तिला आधीच ठाऊक होतं.

आता दुपार आहे. ललिताचा डोळा लागला आहे, पोर तिच्याजवळ झोपली आहे. इतकी गप्प झोपते की काही कळत नाही. म्हणून तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. श्वास चालू आहे. थोड्या वेळानं पुन्हा धरलं. चालू आहे. मग धरूनच ठेवलं, म्हणजे मधेच काही झालं तर लगेच कळावं. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, शिंकली, रडायला लागली.

ललिता डोळे न उघडताच म्हणाली, बोट काढा ना. तिले श्वास घेऊ द्या.

काढलं.